आतड्याचा पाझर आणि त्याची मोजदाद

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी सभासदांच्या कुटुंबांस उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी डॉक्टर नव्हे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकविले, एवढाच माझा अधिकार. परंतु तपासणीचा कागद हातात घेऊन तो वाचावयाचा कसा, हे विचारावयास बोरगावातील आणि आसपासच्या गावांतील माणसे अजूनही माझ्याकडे येतात. त्यांतील एका कागदाने मला बरेच वाचावयास लावले. त्या वाचनाचे सार येथे मांडीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या असाच आला. म्हणाला, “काका, पोरीचं आतडं गळते, असं लिहून आलं आहे. आता काय करायचं?” मुलगी अकरा वर्षांची. पोट फुगे, वरचेवर जुलाब होत, वजन वाढेना, चेहरा फिका पडलेला. एका मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या होत्या. पहिलीत ‘झोन्युलिन’ नावाच्या पदार्थाचा आकडा तांबड्या शाईत छापलेला. दुसरीत न मानवणाऱ्या सतरा पदार्थांची यादी: गहू, दूध, तूर, शेंगदाणा, वांगे आणि संत्रे सुद्धा. ज्या घराच्या मागे संत्र्याची बाग, त्या घरच्या पोरीस संत्रे वर्ज्य झाले होते. तपासण्यांस आणि सोबतच्या पुड्यांस मिळून कापसाच्या एका मोठ्या खेपेचे पैसे गेले होते. ह्या मुलीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी आतडे ‘गळते’ म्हणजे काय, ते पाहू.

१. भिंत नव्हे, पाझर तलाव

लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अंगास मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. त्यांच्यामुळे अन्नाशी संबंध येणारा पृष्ठभाग पुष्कळ वाढतो. पूर्वीच्या पुस्तकांत हा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा सांगत. स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१४ साली नव्याने मोजणी केली. त्यांच्या हिशेबाने संपूर्ण अन्नमार्गाचा पृष्ठभाग सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे साडेतीनशे चौरस फुटांच्या आसपास भरतो. एका लहान घराएवढी ही जागा पेशींच्या एकाच थराने झाकलेली असते आणि हा थर तीन ते पाच दिवसांत नवा होतो.

ह्या पेशी एकमेकींशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पॅलाडे ह्या शास्त्रज्ञांनी १९६३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हे सांधे स्पष्टपणे दाखविले. अन्नरसास रक्तापर्यंत जाण्याचे मार्ग दोन आहेत: एक पेशीच्या पोटातून, दुसरा दोन पेशींमधल्या सांध्यातून. पहिल्या मार्गाचा उपयोग आपण घरोघरी करतो. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले म्हणजे पेशी ती दोन्ही मिळून आत घेते व त्यांच्या मागोमाग पाणीही जाते. जलसंजीवनीचे सारे रहस्य एवढेच. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी पटकीच्या रोग्यांस हेच पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचविले.

दुसरा मार्ग सांध्यांतला. हे सांधे सिमेंटने लिंपलेले नसतात. शरीराच्या गरजेप्रमाणे ते किंचित सैल व घट्ट होत असतात. म्हणून आतड्यास भिंतीची उपमा देण्यापेक्षा पाझर तलावाची द्यावी. पाझर तलावाचे पाणी मुळीच झिरपले नाही तर खालच्या विहिरी कोरड्या पडतात. बांध फुटला तर शेते वाहून जातात. पाझर असणे हा दोष नव्हे. तो किती, कोठून आणि कशाचा, हा खरा प्रश्न आहे. ‘तुमचे आतडे पाझरते’ हे वाक्य पृथ्वीवरील प्रत्येक माणसास उद्देशून म्हणता येईल.

२. दोन साखरांची परीक्षा

हा पाझर मोजावा कसा? लंडनमधील इयान मेन्झीस ह्यांनी १९७० च्या दशकात ज्या पद्धतीचा पाया घातला, ती आजही संशोधनात वापरली जाते. रोग्यास उपाशीपोटी दोन साखरांचे पाणी पाजतात. एक लॅक्ट्युलोज, बद्धकोष्ठावर जे गोड सरबत देतात तेच हे. त्याचा रेणू मोठा. दुसरी मॅनिटॉल, तिचा रेणू लहान. ह्या दोन्ही साखरा शरीरात जळत नाहीत. जेवढ्या रक्तात शिरतील तेवढ्या बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतात. पुढील पाच-सहा तासांची सर्व लघवी जमवून त्यांत कोणती साखर किती आली हे मोजतात. लहान रेणू निरोगी आतड्यातूनही सहज जातो. मोठा रेणू फारच थोडा जातो. तो अधिक गेला तर सांधे सैल झाले असे अनुमान करता येते.

एकच साखर न देता दोन का देतात? ह्यातील युक्ती विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. समजा, ५ ग्रॅम लॅक्ट्युलोज पाजले आणि लघवीत १२ मिलिग्रॅम आले, म्हणजे ०.२४ टक्के. १ ग्रॅम मॅनिटॉल पाजले आणि १२० मिलिग्रॅम आले; म्हणजे १२ टक्के. पहिल्यास दुसऱ्याने भागले तर ०.०२ हे प्रमाण आले. आता समजा, अर्धी लघवी सांडली. तर ०.१२ टक्के आणि ६ टक्के हाती लागेल. पण भागाकार पुन्हा ०.०२ च! जठरातून पाणी हळू उतरले, मूत्रपिंडे मंद चालली, तरी दोन्ही साखरांवर सारखाच परिणाम होतो आणि भागाकारात तो कटून जातो. शाळेतील अपूर्णांकांचे गणित असे वैद्यकाच्या कामी येते.

तथापि ह्याच भागाकारात परीक्षेचे न्यूनही आहे. अपूर्णांक दोन कारणांनी वाढतो: अंश वाढला तर, किंवा छेद घटला तर. सांधे सैल झाले की लॅक्ट्युलोज अधिक जाते आणि अंश वाढतो. परंतु अंकुर झिजून पृष्ठभाग कमी झाला तर मॅनिटॉल कमी शोषले जाते, छेद घटतो आणि प्रमाण तसेच चढते. दोन निरनिराळ्या बिघाडांचा आकडा एकच येतो! शिवाय मॅनिटॉल हे काही भाज्यांत आणि बिनसाखरेच्या गोळ्यांत असतेच. आदल्या दिवशी काय खाल्ले त्याने उत्तर बदलते. पहिल्या दोन तासांची लघवी मुख्यतः लहान आतड्याची बातमी सांगते, नंतरची मोठ्या आतड्याचीही. साखरेची मात्रा आणि लघवी जमविण्याचा वेळ सर्वत्र एक नाही. त्यामुळे ‘ह्या आकड्याच्या वर रोग, खाली आरोग्य’ अशी सर्वमान्य रेघ आजवर ठरलेली नाही. शेकडो लोकांच्या गटांची तुलना करण्यास ही परीक्षा उत्तम. एका व्यक्तीच्या रोगाचा निवाडा करण्यास अपुरी.

३. रक्तातील तांबडा आकडा

मग लघवी जमविण्याचा खटाटोप कशाला, रक्ताच्या एका थेंबात उत्तर मिळावे, असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेतील अलेसिओ फसानो पटकीच्या लशीवर काम करीत असता त्यांना त्या जंतूंचे एक विष सापडले. ते सांधे सैल करीत होते. मानवी शरीरातही असाच एक पदार्थ असला पाहिजे, ह्या तर्काने शोध घेत त्यांच्या गटाने २००० साली ‘झोन्युलिन’ प्रसिद्ध केले. २००९ साली तो पदार्थ हॅप्टोग्लोबिन ह्या रक्तातील प्रथिनाच्या एका प्रकाराचे पूर्वरूप आहे असे दाखविले गेले. शोध महत्त्वाचा होता आणि त्याचे मोल आजही आहे.

अडचण आली ती बाजारात. झोन्युलिन मोजण्याचे तयार संच विकले जाऊ लागले. २०१८ आणि २०१९ साली दोन निरनिराळ्या गटांनी ते संच तपासले, तेव्हा त्यांत मोजला जाणारा पदार्थ झोन्युलिन नव्हेच असे आढळले. ज्यांच्या शरीरात आनुवंशिक रचनेमुळे झोन्युलिन तयारच होऊ शकत नाही, अशा लोकांच्या रक्तातही संच आकडा दाखवीत होता. तराजू चांगला पण पारड्यात माल दुसराच, असा हा प्रकार झाला. सांधे घट्ट करण्यासाठी तयार केलेले लाराझोटाइड हे औषध गव्हाच्या विकाराच्या रोग्यांवर अखेरच्या टप्प्यापर्यंत पोचले होते. पण मधल्या पाहणीत पुरेसा गुण दिसण्याची आशा न राहिल्याने २०२२ साली ती चाचणी थांबविण्यात आली.

सतरा पदार्थांची यादी देणारी तपासणी ह्याहून कच्ची. रक्तात एखाद्या अन्नाविरुद्ध विशिष्ट प्रतिद्रव्य आढळणे म्हणजे बहुधा ते अन्न आपण नेहमी खातो एवढेच. युरोपातील ॲलर्जी-तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच अशा तपासणीवरून अन्न वर्ज्य करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. आमच्या मुलीच्या यादीत तूर आणि संत्रे का आले, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

४. वाद नेमका कशाचा?

येथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. आतड्याचा पाझर वाढतो, ह्याबद्दल वाद नाही. गव्हाच्या विकारात तो वाढतो, क्रोन नावाच्या आतड्याच्या दाहात वाढतो, दारूच्या अतिसेवनाने वाढतो. दुखणे थांबविणाऱ्या इंडोमेथासिनसारख्या गोळ्यांनी वाढतो, हे १९८० च्या दशकात इंग्वार ब्यार्नासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. वाद आहे तो पुढच्या पायरीवर: पाझर वाढल्यामुळे रोग होतो, की रोगामुळे पाझर वाढतो? आणि थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी, त्वचारोग, मनाची उदासी ह्या सर्वांचे मूळ तेथेच आहे असे म्हणता येईल काय?

पहिल्या प्रश्नावर पाझरवाद्यांच्या बाजूने एक चांगला पुरावा आहे. क्रोनच्या रोग्यांच्या १४२० निरोगी नातलगांची दोन साखरांची परीक्षा करून संशोधकांनी त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे ज्यांचे प्रमाण आधीच चढलेले होते त्यांना पुढे हा रोग होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. म्हणजे निदान ह्या रोगात पाझर आधी आणि रोग मागाहून, असा क्रम संभवतो. पण त्या १४२० जणांपैकी रोग झाला तो पन्नास जणांना; आकडा चढलेल्यांतही बहुतेकांस झाला नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र पुरावा फार तोकडा आहे. ‘गळक्या आतड्याचा रोग’ असा ठराविक लक्षणांचा, ठराविक कसोटीचा स्वतंत्र रोग वैद्यकाने अद्याप मान्य केलेला नाही.

सर्व दुखण्यांचे खापर आतड्यावर फोडण्याची ही पहिली वेळ नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी आतड्यातील मळाचे विष रक्तात भिनून माणूस रोगी होतो, ही समजूत युरोपात फार फोफावली होती. लंडनचे नामांकित शल्यवैद्य आर्बथनॉट लेन ह्यांनी त्यापायी अनेकांची मोठी आतडी कापून काढली! १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ ह्या डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला: शौचास होताच डोकेदुखी तात्काळ थांबते, रक्तात भिनलेले विष इतक्या लवकर कसे उतरेल? ह्या एका प्रश्नाने मोठ्या मताचा पाया हलला. कल्पना मोहक असली की पुराव्याच्या आधी सुरी चालते, हा त्यातील धडा.

५. आपल्या खेड्यांतील खरा पाझर

आता ज्या पाझराची जाहिरात कोणी करीत नाही, त्याकडे वळू. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील एस. जे. बेकर आणि व्ही. आय. मथन ह्यांनी आपल्या देशातील धडधाकट दिसणाऱ्या माणसांच्या आतड्यांचे तुकडे तपासले. अंकुर आखूड झालेले, थर सुजलेला, शोषण थोडे कमी, असे त्यांना आढळले. हे संशोधन १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्या काळच्या पूर्व पाकिस्तानात कामास आलेल्या तरुण अमेरिकन स्वयंसेवकांतही असाच फरक दिसला होता आणि मायदेशी परतल्यावर तो हळूहळू नाहीसा झाला. म्हणजे हा वंशाचा दोष नव्हे, परिसराचा. वारंवार पोटात जाणाऱ्या घाणीच्या जंतूंचा तो परिणाम असावा. १९९१ साली आफ्रिकेतील गांबिया देशात दोन साखरांची परीक्षा वरचेवर करून असे दिसले की, बाळांची वाढ जी मागे पडत होती, तिच्यातील सुमारे ४३ टक्के फरकाचा संबंध ह्या चढलेल्या प्रमाणाशी जुळत होता.

मग शौचालये बांधली की मुले उंच होतील काय? ह्याची परीक्षा आपल्या दोन्ही शेजारांत झाली. महाराष्ट्रात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील साठ गावांत २००४ साली प्रयोग झाला. ज्या गावांत स्वच्छतेची मोहीम पोचली तेथील मुले थोडी उंच भरली, चार वर्षांच्या मुलामागे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. आपल्या मध्य प्रदेशात धार आणि खरगोन जिल्ह्यांतील ऐंशी गावांचा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. कारणही त्याच पाहणीत दिसते. मोहिमेच्या गावांत ४१ टक्के घरी शौचालय झाले, इतरत्र २२ टक्के घरी होते; पण उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण केवळ दहा टक्क्यांच्या आसपास उतरले. शेजारची बहुतेक घरे उघड्यावर जात असता एका घरच्या शौचालयाने त्या घरच्या बाळाचे रक्षण कितीसे होणार? २०१८ साली बांगलादेश आणि केनिया येथील मोठ्या प्रयोगांतही पाणी, हातधुणी व शौचालये एवढ्यानेच मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने मात्र थोडी वाढली. म्हणजे ही साखळी सरळ नाही आणि काम अर्धवट करून भागत नाही. पण बोरगावसारख्या गावच्या पालकांनी ज्या पाझराची काळजी वाहावी तो हा आहे: रांगणाऱ्या मुलाच्या हाताला अंगणातून काय लागते, त्याचा.

६. घरी काय करावे

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ही तपासणी नेमके काय मोजते? हा आकडा कोणाच्या आकड्याशी ताडून चढलेला ठरविला? ह्यावरून कोणत्या रोगाचे नाव निश्चित होते? आणि उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार असेल, तर पैसे का खर्चावेत?

जुलाब महिनाभर टिकले, वजन घटले, रक्त कमी झाले, शौचातून रक्त गेले, रात्री ताप येऊ लागला, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून पुष्कळ आहे. तो पथ्याने जात नाही, औषधाने बरा होतो. जंत आणि जिआर्डियासारखे जीव साध्या मलपरीक्षेत सापडतात. गव्हाच्या विकाराची शंका असेल तर त्याची ठराविक रक्ततपासणी आहे; परंतु ती होईपर्यंत गहू सोडू नये, कारण गहू सोडला की तपासणीतील खूण पुसली जाते. शेतकाम करून गुडघे-कंबर दुखते म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणे थांबवावे. आतड्याचा पाझर वाढविणारी ही सिद्ध झालेली गोष्ट आपल्या घरोघरी पिशवीत पडलेली असते. लहान मुलांस सहा महिने केवळ आईचे दूध, जुलाबात जलसंजीवनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताची गोळी, वेळेवर लशी, आणि जेवणाआधी व शौचानंतर साबणाने हात. ह्या गोष्टींस जाहिरात लागत नाही, म्हणून त्या कमी मोलाच्या नव्हेत.

आता त्या मुलीची गोष्ट पुरी करतो. पाच महिने सतरा पदार्थ सोडून ती आणखी वाळली. अखेर पोटाच्या रोगांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गव्हाच्या विकाराची शंका घेतली. पण घरी पोळी बंद असल्याने खूण मिळेना. म्हणून मुलीस सहा आठवडे पुन्हा गहू खावा लागला. त्या सहा आठवड्यांत तिचे जे हाल झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. मग रक्ततपासणी झाली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढला आणि निदान पक्के झाले.

पुतण्या म्हणाला, “म्हणजे काका, तो कागद खराच होता की! गहू तर त्यातही लिहिला होता.”

मी म्हटले, “बाबा, सतरा नावांत एक बरोबर निघाले, ह्याला निदान म्हणत नाहीत. त्या कागदाने गहू सांगितला, पण हिंगाच्या डबीत गव्हाचे पीठ असते हे सांगितले का? पथ्य जन्मभराचे आहे हे सांगितले का? धाकट्या भावाचीही तपासणी करा, हे सांगितले का?” भावाची तपासणी केली. त्यालाही तोच विकार निघाला, जरी त्याला काहीच त्रास नव्हता.

आज दोघांच्याही ताटात ज्वारीची भाकर आहे, तुरीचे वरण आहे आणि जेवणानंतर बागेतले संत्रे आहे. मुलगी वर्षभरात अंगाने भरली. तिचे आतडे पाझरत होते, हे खरेच होते. तो पाझर आता आपोआप कमी झाला असेल. तो कोणी पुन्हा मोजला नाही. मोजण्याचे कारणच उरले नाही.